कवींच्या न्याहारीला नर्सबाई

डेस पिकर्सगिल आमच्या मंडारा गावाच्या मातीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ते सपाट करायचं यंत्र, चालवतो आणि चालवता चालवता कविता जुळवतो. रस्ता जितका खराब तितकी कविता लांब, असं तोच म्हणतो. शाळेत माझ्या हाताखाली शिकत होता तेव्हा शुद्धलेखनात कच्चा, पण यमकात कधी चुकला नाही.

शेतकी प्रदर्शनाच्या रविवारी सकाळी हॉलच्या पटांगणात कवींची न्याहारी असते. लोक सॉसेज आणि अंडी खातात आणि ज्याला वाटेल तो उभा राहून कविता म्हणतो. डेसची कविता शेवटी. गावातली बँक बंद पडली, पाण्याची टाकी फक्त निवडणुकीच्या भाषणात भरली, त्याच्या तावडीतून काही सुटत नाही. माणसंही नाहीत. त्याने नाव घेऊन टर उडवली की माणूस तोंडदेखलं चिडतो आणि वर्षभर मिरवतो. एकदा बेकर मर्व्हिनचं नाव राहून गेलं, तर त्याने डेसला आठवडाभर शिळा पाव दिला. आमच्याकडे ज्याच्याशी गोड बोलतात, तो अजून परका.

दवाखान्यातली नेनिता फिलिपिन्सहून आलेली. दोन वर्षं सगळं गाव तिला 'अहो सिस्टर' म्हणत होतं. डेसच्या पायाची साखरेच्या आजारामुळे चिघळलेली जखम तीच धुते. त्या वर्षी प्रदर्शनाच्या आधी डेस माझ्याकडे आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. नेनिताच्या कराराची मुदत संपत होती आणि ती जाणार होती. ती गेली की दवाखान्याला कुलूप, मग प्रत्येक ड्रेसिंगला शहर गाठायचं. पण त्याला लागलं होतं ते वेगळंच.

"का जातेस विचारलं, तर म्हणाली, इथले लोक फार चांगले आहेत," तो म्हणाला. "फार चांगले! बाई, दोन वर्षांत तिला कोणी साधा टोमणासुद्धा मारला नाही हो."

त्या रविवारी नेनिता एकटीच, कडेच्या टेबलाशी बसली होती. डेस उभा राहिला.

'नेनिता गाडी वाकडी लावी, अडवी रस्ता सारा;
मेंढ्यांचा ट्रकवाला मागे कुंपणाच्या मोजी तारा.'

पटांगण हसून लोटपोट झालं. नेनिताने ताटली खाली ठेवली, पर्स उचलली आणि गाडीकडे चालू लागली. मान ताठ होती, पण कान लाल झाले होते. ही आमच्याकडची रीत आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

कविता म्हणताना डेस कधी मध्येच थांबला नव्हता. त्या दिवशी थांबला.

"अगं नेनिता, थांब," तो म्हणाला. "तुझं झालं. आता ह्या सगळ्यांचं राहिलंय."

ती गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. वळली मात्र नाही.

'कुंपणावरून हसतो आम्ही, विचारतो, कसं काय?
फाटक उघडायचं म्हटलं की जड होतात पाय.
दोन वर्षं जखमा बांधी, नाव नाही ठाव;
जाताना तिला हार घालील सभ्य आमचं गाव.'

ह्यावर कोणी हसलं नाही. मर्व्हिन चहात चमचा फिरवत राहिला. साखर तो घेत नाही.

नेनिता परत आली, पण बसली नाही. "डेस, तुझा पाय माझ्या गाडीपेक्षा वाकडा आहे," ती म्हणाली. "उद्या ड्रेसिंगला येशील तेव्हा आंघोळ करून ये. मी नाक धरून काम करते, ते तुझ्या कवितेत नाही आलं."

मग डेसच इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली.

सगळं गाव एका सकाळीत बदललं, असं मी म्हणणार नाही. काहींची फाटकं अजून बंदच आहेत. पण पबवाली थेल्मा तिथल्या तिथे तिला म्हणाली, "ए, गुरुवारी जेवायला ये. आणि उशीर केलास तर उपाशी जाशील." नेनिता गेली. पुढच्या आठवड्यात मर्व्हिनकडेही गेली.

महिनाअखेर तिने आणखी एका वर्षाचा करार केला. मी कारण विचारलं, तेव्हा थेल्मा शेजारीच उभी होती.

"हिच्या हातचं मटण चपलेसारखं लागतं," नेनिता म्हणाली. "गावाला नर्स लागणारच."

थेल्माने ते संध्याकाळपर्यंत गावभर सांगितलं.