सिस्टरांची डुलकी

साथीच्या दिवसांत आमचे हे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल होते. आत जायला मनाई होती, म्हणून आम्ही नातेवाईक दुपारी आवारातल्या कडुलिंबाखाली थांबायचो. सिस्टर बाहेर येऊन एकेकाची खबर द्यायच्या.

एके दिवशी त्या आल्या तेव्हा हातमोज्यांतल्या घामाने त्यांची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. पारावर बसून त्यांनी तळवे उन्हात धरले.

“चाळीस खाटांना आम्ही तिघीच,” त्या मला म्हणाल्या. “नव्या खाटा आल्या, माणसं काही आली नाहीत. तुमचे हे आज...”

बोलता बोलता, बसल्या जागी त्यांना झोप लागली.

आज काय? माझा जीव टांगणीला लागला. त्यांना हलवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. एक आजोबा आले. त्यांची बायको आत होती. तेही अलगद खाली बसले. हळूहळू दहाबारा जण जमले. पानांची सावली सिस्टरांच्या चेहऱ्यावरून सरकत होती आणि पाळण्याभोवती बसावं तसे आम्ही श्वास रोखून बसलो होतो. वाटलं, इतक्या माणसांचा जीव एवढ्याशा डुलकीवर कुणी ठेवला?

त्या दचकून जाग्या झाल्या. “अहो, उठवायचं नाही का?”

“झोपलात ते बरं झालं, बाई,” आजोबा म्हणाले.

“तुमचे हे आज स्वतःच्या हाताने जेवले,” त्यांनी मला सांगितलं. मग आजोबांना हाताला धरून बाजूला नेलं.

आजी सकाळीच गेल्या होत्या. ती खबर मनात घेऊनच सिस्टरांना झोप लागली होती.