श्रावणात न घेतलेल्या गोळ्या

नेसरीची ती बाई महिन्यातून एकदा एस.टी.नं कोल्हापूरला आमच्या दवाखान्यात यायची. मी तिथं कंपाउंडर होतो. वैशाखातही तिच्या अंगावर घोंगडं असायचं, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली ग्रंथी मंदावलीय, रोज एक गोळी घ्यायची. आषाढापर्यंत सूज उतरली, घोंगडंही गेलं.

श्रावण संपल्यावर आली ती पुन्हा घोंगडं पांघरून. पदर सारखा करत तिनं पुडी माझ्यापुढं ठेवली. महिन्याच्या सगळ्या गोळ्या तशाच होत्या.

"एकही घेतली नाही?"

"श्रावण हुता की. मेंढ्याच्या गळ्याची गोळी, श्रावणात कशी खायाची?"

"अहो बाई, ते औषध आहे, मटण नव्हे."

"माझा गळा चालावा म्हणून त्यो आपला गळा देतोय. वर्षातनं एक महिना तरी जगू द्या की त्याला."

मी कपाळावर हात मारला. गोळी रोज घ्यायची, असं चारदा बजावलं. तिनं चारही वेळा शांतपणे मान हलवली आणि विचारलं, "एकादशीला बी?"

तेवढ्यात डॉक्टर आतून ओरडले, "गोळी कशाची असते, हे हिला सांगितलं कुणी?"

त्या काळी ती गोळी मेंढ्याच्या गळ्यातल्या ग्रंथीपासून बनायची, हे मीच सांगितलं होतं. मागच्या खेपेला, तिनं विचारलंही नसताना, माझं ज्ञान दाखवायला. मी मान खाली घालून पुडी बांधत राहिलो.

बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत तोंड करून म्हणाली, "गावातच कुणीतरी सांगितलं, डाक्तर."