रिबकाचा पुरावा

"परत एकदा बघ गं, डोळा चुकतो." यादीवर बोट ठेवून काका हे म्हणायचे आणि बोट काही उचलायचे नाहीत. मग बोटाखालचं नाव मी बघणार कशी?

आमची ओळख सिंगापुरात, बेडोकच्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये झाली. मी फोनवर आईशी तावातावाने वाद घालत होते. शेजारी उभे असलेले पंच्याऐंशीच्या घरातले गृहस्थ म्हणाले, "आईशी असं बोलतात होय?" मी गारच. डोक्यावर गोल टोपी, हातात इथल्या पद्धतीने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतलेली कॉफी आणि मराठी थेट अलिबागची. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. जन्म मात्र इथला. मराठी फाडफाड बोलायचे, वाचता एक अक्षर येत नव्हतं.

म्हणून माझी गरज. त्यांच्या वडिलांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पहिल्या पानावर मराठीत लग्नाची नोंद होती, 'रिबका हिच्याशी'. ही काकांची आई. वडील लढाईच्या सुरुवातीलाच गेले. जपान्यांनी इथल्या ज्यूंना छावणीत कोंडलं तेव्हा ती चार वर्षांच्या काकांना घेऊन आत गेली आणि तापाने तिथेच मेली. कबरस्तानात छावणीत मेलेल्यांच्या नावांची पाटी आहे. "तिथे तिचं नाव लागलं की मी मरायला मोकळा," असं काका म्हणायचे. कबरस्तानाच्या ऑफिसचं म्हणणं एकच, छावणीच्या कागदात नाव दाखवा.

याद्या जुळवणं हाच माझा नोकरीतला धंदा, तेव्हा मला वाटलं हे एका रविवारचं काम. छावणीची फक्त मयतांची यादी मिळाली. रिबकाची आणि आडनावाची सुचतील तेवढी स्पेलिंगं शोधली. दोन वर्षं गेली.

एका रविवारी कंटाळून मी यादी शेवटाकडून वाचायला घेतली आणि मला हसू फुटलं. "काका, यात कुणी मिसेस वहिनी आहे बघा. सोबत मुलगा, वय चार."

ते हसले नाहीत.

"घरात दोन धाकटे काका होते," त्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले. "ते तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणायचो. ती गेल्यावर एक बाई पेन्सिल घेऊन आली. आईचं नाव विचारलं. मी सांगितलं." मग त्यांनी बोट उचललं. "मीच गं. मीच पुसलं तिला."

माझे बाबाही आपल्या आईला जन्मभर वहिनीच म्हणत. तरी मला दोन वर्षं सुचलं नाही. चार वर्षांचं पोर काय पुसणार, असं मी काकांना म्हणाले. ते ऐकतात थोडेच!

मी ऑफिसला दोन पानी पत्र दिलं. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, मुलं आईला वहिनी म्हणतात याला काही छापील आधार आहे का? मी म्हटलं, आधार बाहेर बाकावर बसलाय, विचारा त्याला. ते म्हणाले, अर्जदाराचा स्वतःचा जबाब चालत नाही. आजही आठवलं की डोकं फिरतं माझं.

परतताना बसमध्ये काका एवढंच बोलले, "बरोबर आहे त्यांचं. मी एकदा चुकीचं सांगितलंय."

त्यानंतर याद्या बंद. लिफ्टमध्ये भेटले तर "जेवलीस का" एवढंच. चार महिन्यांत गेले. मूलबाळ नव्हतं, दफनाचा फॉर्म भरायला मीच गेले. तेच ऑफिस, तेच गृहस्थ.

"मृताच्या आईचं नाव?"

"रिबका."

त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पुरावा मागितला नाही.

काकांच्या दगडावर आता 'रिबकाचा मुलगा' असं कोरलंय. ती पाटी तिथून दहा पावलांवर आहे. मी जाऊन वरपासून खालपर्यंत वाचली, रिबका नव्हती, मग परत एकदा वाचली. डोळा चुकला नव्हता.