अमेरिकन लेखकाला विचारलेला प्रश्न

माझी फजिती ऐकायचीय ना? मग चहा ओता, सांगते. फक्त माझ्या लेकीसमोर हा विषय काढायचा नाही.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही दुबईत, बर दुबई नावाच्या भागात राहायचो. एक अमेरिकन कादंबरी आमच्या बायकांच्या ग्रुपमध्ये हातोहात फिरत होती. त्यातली आई दोन मुलांना टाकून निघून जाते आणि तिला पश्चात्तापसुद्धा होत नाही. तिकडच्या लायब्रऱ्यांनी म्हणे ते पुस्तक हाकललं होतं. आमच्या प्रतीचं मागचं कव्हर फाटलेलं, म्हणजे लेखकाचा फोटो नाही. पुढे नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. वाचून माझं डोकंच फिरलं. पुरुषाला काय कळणार आईचं मन?

तेवढ्यात कळलं, लेखक दुबईत येतोय, हॉटेलात कार्यक्रम आहे. मी ठरवलं, भर सभेत जाब विचारायचा. आठवडाभर इंग्रजी प्रश्न पाठ केला. भाजी चिरताना, इस्त्री करताना, सारखा तोच.

नवरा म्हणाला, "खलास, आता त्याचं काही खरं नाही."

लेक म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट."

तिलाच घेऊन वेळेआधी पोचले. पहिल्या रांगेत पांढऱ्या दाढीचा उंच अमेरिकन. हाच तो! माझ्या शेजारी एक सडपातळ गोऱ्या बाई येऊन बसल्या. मी इंग्रजीत सुरू केलं.

"कादंबरी वाचलीत?"

"बऱ्याचदा."

"या लेखकाने कधी मूल वाढवलंय का हो?"

"दोन. नोकरी सांभाळून."

"आणि लेखकाच्या आईला काय वाटलं असेल?"

"आईने ती कादंबरी जाळली."

"शहाणी बाई," मी म्हटलं. त्या हसल्या.

मग संयोजकांनी नाव पुकारलं. दाढीवाले टाळ्या वाजवत बसूनच राहिले. शेजारच्या बाई उठल्या आणि स्टेजवर गेल्या.

"आई, लेट्स गो," लेक कुजबुजली.

पण मी ठरवलं होतं ना? विचारल्याशिवाय हलायचं नाही. मनातल्या मनात नवा प्रश्न जुळवला, चांगला आदराचा. हात वर केला. माइक आला. उभी राहिले, आणि तोंडातून घोटून पाठ केलेलंच बाहेर पडलं, "सर, एक पुरुष म्हणून तुम्हाला..."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्यावर पुष्कळ आरोप झालेत. हा मात्र नवीन आहे."

तरी मी मागे हटले नाही. कार्यक्रम संपल्यावर रांगेत उभी राहिले, माफी मागितली. बाईंनी माझा हात हातात घेतला, पुस्तकावर प्रेमाने सही केली.

मी अगदी मनापासून म्हटलं, "थँक यू, सर."