चाल न कळणारे जाणकार

अख्ख्या वऱ्हाडात गाण्याचा एवढा विचार केलेला आणि गाण्यातलं इतकं कमी कळणारा दुसरा माणूस झाला नसेल, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग होती. मी अमरावतीच्या कॉलेजात शास्त्र शिकत होतो आणि सुट्टी लागली की तिथे जाऊन संत्री आणि मामाजींचं डोकं, दोन्ही खात असे. मामाजींना शब्द कळत, ठेका कळे, आवाज कुणाचा हेही कळे. पण चाल म्हणून जी काही चीज असते ती त्यांच्या कानातून आत शिरायची आणि डोक्यात कुठेतरी वाट चुकायची. आरती ते शब्दांवरून ओळखत. शब्द काढून नुसती गुणगुणली की आरती काय अन् लावणी काय, त्यांना सारखीच.

दुसऱ्या कुणी हे नशीब म्हणून सोडून दिलं असतं. मामाजी चौकशा करत सुटले. "गानं आयकतानी तुले नेमकं कुठं होते?" हा प्रश्न त्यांनी न्हाव्याला, पोस्टमास्तरांना, वरूडच्या डॉक्टरांना आणि बाळंतपणाला आलेल्या शेजारच्या लेकीलाही विचारला. न्हावी म्हणाला, मनगटात; त्या दिवसापासून दाढी करताना मामाजी त्याला गाऊ देत नसत. एका पैलवानाने मांडी दाखवली. डॉक्टरांनी त्यांनाच जीभ बाहेर काढायला सांगितलं.

माणसं झाल्यावर बैलांची पाळी आली. मोट हाकताना गडी गातो आणि त्या गाण्यावर बैल चालतात, तर बैलाला त्यातलं नेमकं काय कळतं? मामाजींनी आधी गाण्याचे शब्द काढले आणि त्या जागी टोळधाडीचा सरकारी जाहीरनामा घातला. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" अशी लांब हाक देत मामाजी दोरावर बसले आहेत आणि बैल खुशाल उतार उतरताहेत, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. चाल त्यांच्या गळ्यात नव्हतीच, तेव्हा तीही गेली; उरला नुसता ठेका, आणि बैल तरी चालले. मग मला गायला बसवलं. चाल बरोबर, ठेका मात्र मुद्दाम वाकडा. बैल मध्येच थांबले, मागे वळून माझ्याकडे पाहू लागले आणि भरलेली मोट धाडकन विहिरीत परत गेली. मामाजींना कोण आनंद झाला. "डोस्क्यात ठेक्याची खोली अलग अन् चालीची अलग असते, बाबू. बैलाची चालीची बंद. म्हंजे मी बैलाइतका तरी शायना आहो."

गंमत अशी की लोक त्यांना गाण्यातले जाणकार समजत. कुठे बैठक असली की मामाजी पुढे जाऊन बसत आणि शेजाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत. शेजारच्याची मान हलली की यांची हले. ती जरा उशिरा हले, म्हणून हा माणूस फार विचार करून दाद देतो असा बोलबाला झाला. अकोल्याला एका गवयाने तर "हमारी असली बात आपने पकडी" म्हणत भर बैठकीत त्यांना शाल पांघरली. परतताना मोटारीत मामाजी त्या शालीकडे चोरीच्या मालासारखे पाहत होते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आमच्या आत्याचा गळा म्हणजे गावाचं कौतुक होतं. ती जात्यावर बसली की रस्त्याने जाणारे थांबत. आणि तिने सूर लावला की मामाजी उठून बागेत जात. "तिच्यापाशी खोटी मान हालवनं नाई जमत मले," ते मला एकदा म्हणाले, आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. आत्याला यातलं काय ठाऊक? नवरा साऱ्या जगाचं गाणं ऐकतो आणि आपलं टाकून उठतो, एवढंच तिला दिसे. त्या उन्हाळ्यात तिने गाणंच सोडलं. हळदीला गायला बायका बोलवायला आल्या तर म्हणाली, "आता गळा नाई राह्यला, बाई." मामाजी दोन दिवस धड जेवले नाहीत. मला काही राहवेना. शपथ गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि आत्याला सगळं सांगून टाकलं.

तिचा विश्वास बसेना. "अकोल्यात मोठे जानकार म्हनतेत त्याईले." त्या दुपारी चार शेजारणी कुरडया घालायला आल्या होत्या. आत्याने मामाजींना बोलावलं, पाठ फिरवून बसवलं आणि दोन अगदी वेगळ्या चाली नुसत्या गुणगुणल्या.

"येकच आहे ना?" मामाजी भीतभीत म्हणाले.

बायका हसल्या. आत्या हसली नाही. "म्हंजे माह्यं गानं तुमच्यापर्यंत कदी आलंच नाई," ती इतकं हळू म्हणाली की बोलून बसल्याचा मला पश्चात्ताप झाला.

"तसं नाई," मामाजी पाठमोरेच म्हणाले. "ते जात्यावरची ओवी आहे ना, माहेराची, ते पाचीजनी मनातल्या मनात म्हना. परातीवर बोटानं ठेका तेवढा वाजवा. आवाज नको."

एकाच परातीवर एकेकीने ओवी वाजवली. मला सगळ्या सारख्याच वाटल्या. चौथीला मामाजी म्हणाले, "हे आमच्या घरची." चौथी आत्याच होती. योगायोग असेल म्हणून मी शास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभेल तसा क्रम बदलला, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी तिलाच ओळखलं.

"कशावरून हो?" मी विचारलं.

"ओवीत माय येते, तिथं हे अर्धा ठोका थांबते. लगन झालं तवा नव्हती थांबत. इची माय गेली, तवापासून थांबते."

हे आत्यालाही माहीत नव्हतं. परात बाजूला सारून ती म्हणाली, "तुमी तं उठून जात होते."

"कुंपनापाशी उभा राहत होतो."

"मंग कावून नाई सांगतलं इतकी वर्सं?"

"तू गानं सोडशील म्हनून."

"सोडलंच होतं ना मी," आत्या म्हणाली आणि पदराने डोळे पुसून तिथेच गायला लागली. मामाजी उठले नाहीत. कुरडयांचा चीक पातेल्यातच गार झाला.

पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की डोक्यात चालीची आणि ठेक्याची जागा खरोखर वेगळी असू शकते. मामाजींना ते सांगितलं तर म्हणाले, "मंग त्या वरूडवाल्यानं माही जीभ कावून पाह्यली होती?" आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं गायली. तो अर्धा ठोका आज ऐकायचाच, असं ठरवून मी कितीदा तिच्याजवळ जाऊन बसलो. पण तिने सूर लावला की मी त्या चालीत वाहून जाई, आणि भानावर येईपर्यंत ओवीतली माय मागे पडलेली असे. आता आत्या नाही. माझा कान चांगला आहे असं सगळे म्हणतात. तिचं ते थांबणं मात्र मला एकदाही ऐकू आलं नाही.