झेंडूमागचा हिरवा रंग

माझ्या झेंडूच्या फोटोंमागचा मऊ, धूसर हिरवा रंग शेजारच्या वहिनींच्या लुगड्याचा आहे, हे आता सांगून टाकतो. अख्ख्या अणदूर गावानं माझ्या नजरेचं कौतुक केलं आणि मी ते मुकाट्यानं घेतलं. मी मोबाईल काढला की वहिनी खुरपं टाकून फुलामागं पदर ताणून उभ्या राहत. "उकिरडा दिसाया नगं, अण्णा."

काल त्या म्हणाल्या, "आज माझा काढा. लेकीला धाडायचाय."

मी मोबाईल धरला. त्यांनी मागं वळून पाहिलं. "अन् उकिरडा?"

"तो मोबाईलच धूसर करतो, वहिनी."

"मंग इतके दिस मला कशापायी उभं केलंत?"

सत्तरी ओलांडलेला मी लाजून मोबाईलची काच सदऱ्याला पुसू लागलो. माझं तोंड बघून त्यांना हसू आवरेना. लेकीला गेलेल्या फोटोत त्या पोट धरून हसतायत, आणि मागं उकिरडा सुरेख धूसर आलाय.