लाल्याची पूजा

हसायचं नाही, या अटीवर सांगते. आणि हातातला चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

माझी भाची सई. पुण्याहून इथे परदेशात युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत शिकायला आली, राहते टूनगॅबीला माझ्याकडे. तिने आणि तिच्या वर्गातल्या लिअमने मिळून स्टार्टअप काढलं. काय करतात? विमानं ओढतात! हाताने नव्हे हो. छोटं विमान हँगरमध्ये, म्हणजे त्याच्या शेडमध्ये ठेवायचं तर कुणीतरी ते ढकलत, ओढत न्यावं लागतं. ते काम करणारा रोबो यांनी बनवला. बुटका, चपटा, लालभडक. मी त्याचं नाव ठेवलं लाल्या. वर्षभर लाल्या माझ्या गराजमध्ये आणि माझी गाडी रस्त्यावर!

तर एका शनिवारी लाल्याची परीक्षा होती. शहराबाहेर एका छोट्या एअरफील्डवर ग्रेग नावाचा गृहस्थ विमान चालवायला शिकवतो. तो म्हणाला होता, माझं एक विमान नीट आत नेऊन दाखवा, सहा महिने ट्रायलला ठेवतो. आणि नाही जमलं तर? युनिचं शेवटचं वर्ष. दोघं कुठेतरी नोकरीला चिकटणार आणि लाल्या भंगारात. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती.

मी म्हटलं, "अगं, नवीन यंत्र आहे, साधी पूजा तरी करूया."

"मावशी, प्लीज! नो नारळ, नो उदबत्ती. तिथे खाली काही पडलेलं चालत नाही, इंजिनात जातं. तू फक्त सँडविच आण."

फक्त सँडविच! पंधरा वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय, लोकांच्या चुका काढण्याचाच पगार घेते, आणि मी सँडविच आणू?

आणली. पण पर्समध्ये कुंकवाचा करंडाही टाकला. कुंकू काय इंजिनात जाणारे?

दोघं ग्रेगबरोबर कॉफी प्यायला गेले, तशी मी लाल्यापाशी गेले. आता लावायचं कुठे? याला ना कपाळ, ना डोकं. मग समोर मधोमध एक छोटं काचेचं गोल दिसलं. बंद दिवा असेल असं वाटलं. कुंकू पाण्यात कालवलं आणि अंगठ्याने असं घसघशीत भरलं की बास! लाल अंगावर लाल कुंकू, कुणाला दिसतंय? हात जोडले. म्हटलं, लाल्या, पोरीची लाज राख रे बाबा.

"राइट मेट, शो मी," ग्रेग म्हणाला. सईने बटण दाबलं. लाल्या वीतभर पुढे आला आणि थांबला. पीं पीं पीं! लॅपटॉपवर सूचना आली, समोर अडथळा आहे.

समोर तर काहीच नव्हतं!

आता गप्प बसेन तर ती मी कसली? "तो प्लॅस्टिकचा ट्रॅफिक कोन काढा," मी म्हटलं. काढला. पीं पीं. "ग्रेगची गाडी हलवा." हलवली. पीं पीं. ग्रेगच्या कुत्र्याला उचलून आत नेलं. कडेच्या गवतात एक मॅगपाय पक्षी होता, त्याच्यामागे मी स्वतः ओढणी उडवत धावले! शेवटी ग्रेगलाच म्हटलं, "यू ऑल्सो, प्लीज, लिटल साइडला." गेला बिचारा.

पीं पीं पीं!

मग माझं लेक्चर सुरू झालं. "सई, हजारदा सांगितलं होतं, गराजमध्ये नाही, बाहेर उन्हात टेस्ट कर. बेसिक आहे गं हे! आमच्या ऑफिसात असं केलं असतं ना, तर घरी पाठवलं असतं." वर ग्रेगलाही ऐकवलं की मी यांना आधीच वॉर्न केलं होतं. लिअम खाली मान घालून कीबोर्ड बडवत होता. सईचे डोळे भरून आले होते, आणि माझी टकळी चालूच. आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ग्रेगने घड्याळ पाहिलं. "नो वरीज. परत कधीतरी बघू," अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि निघालाच.

"लिअम, कॅमेऱ्याला काय दिसतंय ते लाव," सई एकदम म्हणाली.

स्क्रीन लाल. अख्खी स्क्रीन लाल! सई उठली, लाल्यासमोर उकिडवी बसली, त्या गोल काचेवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या हातातलं सँडविच तिथेच गळून पडलं.

"व्हॉट इज इट? पेंट?" लिअमने विचारलं.

"नो," सई म्हणाली. "दॅट्स माय आंटी."

काच पुसली. लाल्या सरळ गेला, विमानाचं पुढचं चाक अलगद उचललं आणि निघाला हँगरकडे. वाटेत एकदाच थांबला. पीं पीं! बघतो तर समोर माझं सँडविच.

जाता जाता थांबलेला ग्रेग पोट धरून हसत होता. म्हणाला, याला दिसत नव्हतं तर हा जागचा हलला नाही, आमची माणसं न बघताच ओढतात. सोमवारपासून घेऊन या. सई मला येऊन बिलगली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

हल्ली लाल्याला सुरू करण्याआधी दोघं एक यादी म्हणतात. बॅटरी? ओके. ब्रेक? ओके. कॅमेरा? ओके. आणि सगळ्यात शेवटी लिअम त्याला येणारं एकुलतं एक मराठी वाक्य खच्चून ओरडतो, "मावशी, बाजूला!"

मी तेव्हा टूनगॅबीत घरी पोळ्या लाटत असले, तरीसुद्धा.